मामाचा ड्रायर आणि माझा नवा कम्पायलर

वेंगुर्ल्यात मामाची काजूची फॅक्टरी आहे. तिथला ड्रायर मी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतो. दहा वर्षांत त्याने एकदाही कुरकूर केली नाही, त्यामुळे लग्नाकार्यात मी आपणहून पुढच्या खुर्चीवर बसायला लागलो होतो.

यंदा ऐन पावसाळ्यात तिथला कॉम्प्युटर मेला. माझं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा जुना कम्पायलर नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून मी नवा घेतला. "एक ओळसुद्धा बदललेली नाही," असं मामाला ऐटीत सांगूनही टाकलं.

सकाळी बायकांनी नुकतेच फोडून काढलेले ओलसर गर ट्रेमध्ये भरून आत ठेवले. बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर 'चालू' आलं आणि ड्रायर थंडगार. त्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत गर सुकले नाहीत तर बुरशी धरणार, सगळा माल फुकट जाणार. मी आधी वायरमनला, मग वीजवाल्यांना, शेवटी नव्या कम्पायलरला शिव्या घातल्या. स्वतःवर येण्याआधी एवढे मुक्काम करावेच लागतात.

इकडे मामाने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "व्हय म्हाराजा," बायका म्हणत होत्या. मी दातओठ खात ऐकत होतो. मध्येच मामा अडला. पहिला मान जागेवाल्याचा, म्हणजे त्या जागेच्या राखणदार देवाचा, तोच घ्यायचा राहिला होता. त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

आणि माझ्या प्रोग्रामात पहिला मान कोणाचा? मी घाईघाईने फाइली उघडल्या. एकीत तापमान, दुसरीत हीटर. दोन्ही स्टॅटिक, म्हणजे मुख्य प्रोग्राम सुरू होण्याआधीच तयार होणारी. त्यांत आधी कोण, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. जुना कम्पायलर आपल्या मनाने तापमान आधी तयार करायचा. नव्याने हीटर आधी उठवला. हीटरने विचारलं, किती तापू? तापमान अजून तयारच नव्हतं, उत्तर मिळालं शून्य. चूक शंभर टक्के माझी.

हीटरने मागताक्षणी तापमान तयार व्हावं, असं लिहून टाकलं. ड्रायर तापला, गर वाचले. मला हायसं वाटलं.

"पण गेली धा वर्सां ह्यां बरोबर कसां चल्लां रे?" मामाने विचारलं.

दोन-चार जड शब्द फेकता आले असते. पण बायकासुद्धा हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

"नशिबान, मामा."

मामाने ट्रेमधला एक गर उचलून उलटसुलट बघितला.

"आनी आमका वाटलां, तुका येता म्हणान चलता!"