ओल्या बाटलीवर सही नाही

"हे तेल खायचं की जाळायचं?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

मी म्हणाले, आधी खायचं होतं, आता जाळायचं आहे. त्याला वाटलं, मी त्याची चेष्टा करतेय. त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. पण मी खरं तेच सांगत होते. नांदेडातल्या भजीवाल्यांकडून, फरसाणवाल्यांकडून आणि खानावळींतून तळून तळून काळं झालेलं तेल मी गोळा करत होते आणि त्याचं बायोडिझेल करत होते. गाडीत घालायचं इंधन विकायचं तर आधी त्याची सरकारकडे नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीसाठी तेलाची बाटली घेऊन मी पुरवठा कार्यालयाच्या खिडकीशी उभी होते.

कारकुनाने मला खाद्यतेलाच्या ऑफिसात पाठवलं. तिथल्या बाईंनी बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि सांगितलं की हे आता खाण्यात मोडत नाही, परत तिकडंच जा. मी परत गेले. तेव्हा कळलं, अर्जाचा छापील नमुनाच अजून आलेला नाही. नमुना कधी येईल, ते कुणाला माहीत नव्हतं. मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, आवक शिक्का मागितला आणि शिक्का मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलले नाही. माझ्यामागे रांग लागली होती. शेवटी रांगेतल्या लोकांनीच आवाज चढवला आणि शिक्का पडला.

मी काही धंद्याच्या घरातली नाही. लातूरला सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यात मी सतरा वर्षं केमिस्ट होते. तेलातलं आम्ल मोजायचं, ओल मोजायची, रंग बघायचा आणि रजिस्टरात लिहायचं, एवढंच माझं काम. कारखान्याने प्रयोगशाळा बंद करून नमुने बाहेर पाठवायला सुरुवात केली आणि माझी नोकरी गेली. मी नांदेडला परत आले. नवरा कंधारच्या शाळेत शिक्षक, रोज बसने जाऊन येऊन करणारा. घरात बसून मला काय करावं ते सुचत नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या ओळखीचे एक मिस्त्री माझ्याकडे आले. डिझेल गाड्यांच्या इंजिनात इंधन सोडणारे पंप आणि नोझल दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्यांच्या वडिलांचंही तेच काम होतं आणि दुकानही तेच, जुन्या नांदेडातल्या गल्लीतलं. त्यांनी फडक्यात गुंडाळून दोन नोझल आणले होते, पार खाऊन गेलेले. सोबत पाव लिटरची एक बाटली होती.

"ताई, हे बगा," ते म्हणाले. "हायवेवर ह्याला बायोडिझेल म्हणून विकून राहिले. म्हैन्यात चौथी गाडी आली माझ्याकडं. तुम्ही तेलाच्या डाक्टर हाव ना? सांगा, हे काय हाय."

विष्णुपुरीच्या कॉलेजात माझ्या ओळखीचे एक सर होते. त्यांच्या प्रयोगशाळेत आम्ही ते तेल कपात घालून हळूहळू तापवलं आणि वर बारीक ज्योत धरली. खरं बायोडिझेल पाणी उकळतं त्याच्याही पुढं तापल्याशिवाय पेट घेत नाही. हे अंघोळीच्या पाण्याइतकं गरम व्हायच्या आत भपकन पेटलं. मिस्त्री दोन पावलं मागे सरले. सर म्हणाले, यात थिनरसारखं काहीतरी मिसळलंय, बायोडिझेलचा थेंबही नसेल. मग मिस्त्रींनी विचारलं, की खरं कसं असतं ते तरी मला एकदा दाखवा.

ते दाखवण्यापासून सगळं सुरू झालं. पहिलं तेल मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये केलं. काळं तेल गाळायचं, त्यातलं आम्ल मोजायचं, रसायन घालून ठरल्या तापमानावर ढवळायचं आणि मग निवांत ठेवायचं. खाली काळं, जड ग्लिसरीन बसतं आणि वर मधाच्या रंगाचं तेल राहतं. ते पाण्याने धुऊन वाळवलं की झालं. मिस्त्रींनी ते स्वतःच्या जुन्या जीपमध्ये डिझेलबरोबर मिसळून घातलं आणि देगलूरपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी नोझल काढून मला दाखवला. तो आतून जसाच्या तसा होता.

मग गावाबाहेर एक शेड भाड्याने घेतली. शिक्क्याचा तो अर्ज दिल्यावर कागद मागणं सुरू झालं. अग्निशमनचा दाखला आणा, प्रदूषणचं संमतिपत्र आणा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणा. मी सगळं आणलं. दर खेपेला फाईल उघडायची, एक कागद कमी निघायचा. ओळखीतले लोक सांगायचे, कशाला नोंदणीच्या मागे लागताय? मशीन धुवायचं तेल म्हणून विका, कोण विचारतंय? मी म्हणायचे, मशीन धुवायचं तेल केलं असतं तर तसंच विकलं असतं. मी इंधन केलंय. कारखान्यात सतरा वर्षं जे निघालं तेच रजिस्टरात लिहिलं, आता आपल्याच मालाला खोटं नाव देऊ?

मग एके दिवशी हायवेवरच्या त्या बनावट पंपांवर धाडी पडल्या. मला आनंदच झाला. मिस्त्रींना फोन करून सांगितलं. त्याच दुपारी पथक माझ्या शेडवरही आलं.

चार माणसं होती. नोंदणी दाखवा म्हणाले. मी म्हणाले, विक्री अजून सुरूच केलेली नाही, अर्ज तुमच्याचकडे आहे, हा बघा आवक शिक्का. अर्ज म्हणजे नोंदणी नव्हे, पथकाचे प्रमुख म्हणाले. त्यांचं म्हणणं कायद्याने चूक नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही. पण नमुना घ्यायला त्यांनी जीपमधून प्लास्टिकच्या बाटल्या काढल्या, पिण्याच्या पाण्याच्या. एकीत तळाशी पाणी अजून हलत होतं. एकाने ते तिथंच जमिनीवर ओतलं आणि बाटली टाकीच्या तोटीखाली धरली.

"थांबा," मी म्हणाले. "ही बाटली ओली आहे. तुम्ही माझ्या तेलातलं पाणी मोजणार, आणि ते पाणी तुम्हीच घालून नेणार?"

प्रमुख म्हणाले, बाई, आमच्या कामात अडथळा आणू नका. मी म्हणाले, अडथळा आणत नाही. नमुना घ्या, हवा तेवढा घ्या, पण कोरड्या बाटलीत घ्या. तीन बाटल्या भरा, तिन्हींना सील करा, एक माझ्याकडे राहू द्या. नाहीतर पंचनाम्यावर मी सही करणार नाही.

त्यांनी आवाज चढवला. सही केली नाही तर काय होईल ते सांगितलं. मी कपाटातून ओव्हनमध्ये वाळवलेल्या काचेच्या तीन बाटल्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. तेवढ्यात पथक आल्याचं ऐकून मिस्त्री आले. ते शांतपणे दाराशी उभे राहिले आणि पंच म्हणून मी सही करतो म्हणाले, पण ताई म्हणतात तसं झालं तर. शेवटी पथकातल्याच एका वयस्कर माणसाने माझी पहिली बाटली उचलली आणि तोटीखाली धरली.

नमुने गेले. शेडला सील लागलं. दुसऱ्या दिवशी पेपरात धाडीची बातमी आली आणि हायवेवरच्या पंपांबरोबर माझ्या शेडचाही उल्लेख आला. वर मोठ्या अक्षरात शब्द होता, "बनावट".

त्या बातमीने मला जेवढा त्रास झाला तेवढा सीलमुळे झाला नाही. शिरूर अनंतपाळहून नणंदेचा फोन आला. ती वाईट काही बोलली नाही, एवढंच विचारलं की वहिनी, तुम्ही यात कशा काय सापडलात. मी सापडले नव्हते, मी स्वतःहून जाऊन उभी राहिले होते. पण हे फोनवर सांगता आलं नाही. मिस्त्रींच्या दुकानावर गिऱ्हाईकं विचारू लागली, तुमच्या त्या बाईचंच तेल होतं का म्हणून. नवरा त्या आठवड्यात माझ्याशी जरा जपूनच बोलत होता.

पुढं दोन महिन्यांनी कारकुनाने निरोप दिला. नियमांची माहिती नव्हती, चूक झाली, असं लिहून द्या, साहेब समज देऊन सील काढतील, प्रकरण मिटेल. नवरा म्हणाला, दे की लिहून, एका ओळीचं तर आहे. मी त्याला विचारलं, कुठला नियम मला माहीत नव्हता, सांग. नियम मला पाठ होते, खिडकीतल्या माणसापेक्षा जास्त पाठ होते. मी कळवलं की लिहून देणार नाही, सुनावणी घ्या.

सुनावणीला जाताना मिस्त्री सोबत होते. रिक्षात ते माझं रजिस्टर चाळत होते. प्रत्येक घाणीची, म्हणजे एका वेळी केलेल्या तेलाची, त्यात नोंद होती, तेल कुणाकडून आलं, आम्ल किती, ओल किती. एका पानावर ते थांबले. अकराव्या घाणीचं आम्ल मर्यादेच्या वर गेलं होतं. एका खानावळीचं तेल फारच जळकं होतं आणि मी घाई केली होती. पानावर मी लाल पेनाने "नापास" लिहिलं होतं.

"हे पान दाखवायचं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "ते तेल तर आपण विकलं बी न्हाई. कुणाला ठाऊक हाय?"

"मला ठाऊक आहे, मिस्त्री."

"लई जिद्दी हाव तुम्ही," ते म्हणाले आणि रजिस्टर मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

साहेब नवीन आलेले होते. त्यांच्यासमोर सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल होता, पण ते तो वाचून दाखवत नव्हते. त्यांनी मला विचारलं, तुमचा माल मानकांप्रमाणे आहे असा तुमचा दावा आहे का? मी म्हणाले, एक घाणी सोडून. आणि अकराव्या घाणीचं पान उघडून त्यांच्यापुढे केलं. मिस्त्रींनी मान खाली घातली.

साहेबांनी ते पान वाचलं. मग मागची पानं वाचली, मग पुढची. खोलीतला पंखा आवाज करत होता. कारकून दारात उभा राहून बघत होता.

"हे लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग लिहिलं कशाला?"

"नापास झालं म्हणून."

साहेबांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. नमुना सगळ्या कसोट्यांना उतरला होता. ओलही मर्यादेच्या खूप आत होती. ती ओळ मी दोनदा वाचली आणि त्या प्लास्टिकच्या बाटलीचा मला नव्याने राग आला. साहेबांनी सील काढायचा आणि नोंदणी देऊन अर्ज निकाली काढायचा आदेश तिथंच लिहिला. बाहेर आल्यावर मिस्त्रींनी रस्त्याच्या कडेला उभं राहून रुमालाने चेहरा पुसला. ते रडत होते की घाम पुसत होते ते मी विचारलं नाही.

प्रमाणपत्र तयार झाल्याचा फोन आला तेव्हा मी एकटीच गेले. कागद हातात घेतला आणि वाचला. इंधनाच्या नावापुढं लिहिलं होतं, "बायोडिझेल सदृश द्रव."

मी तो कागद खिडकीतून परत आत सरकवला.

कारकून म्हणाला, ताई, आता काय राहिलं? मी म्हणाले, सदृश काढा. तो म्हणाला, एका शब्दाने काय होतं, मिळतंय ते घ्या. मी त्याला समजावून सांगितलं. हायवेवर जे विकलं जात होतं ते सदृश होतं. गाड्यांचे पंप खाल्ले ते सदृशने. माझा माल तुमच्याच प्रयोगशाळेत तपासून झालाय, तो सदृश नाही, तोच आहे. कारकून वैतागला. साहेब दौऱ्यावर होते, म्हणून मी बाकावर बसले. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी कारकुनाने मला चहा पाठवला, मी प्यायले आणि बसून राहिले. चौथ्या दिवशी दुरुस्त कागद मिळाला. तो देताना कारकुनाने तो शब्द नाही हे बोट ठेवून मला दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरं तर थोडं हसूच होतं.

महिनाभरात एक माणूस शेडवर आला. त्या धाडीत सील झालेला एक पंप त्याचा होता. बोलायला गोड माणूस. माझं तेल त्याला नको होतं. त्याला प्रमाणपत्राची झेरॉक्स हवी होती, पंपावर लावायला. म्हणाला, ताई, तुमचं नाव होईल, गावोगाव होईल. मी त्याला शेडच्या बाहेर काढलं आणि तो गेल्यावर त्याच्या नावाने त्याच खिडकीत लेखी तक्रार दिली. आवक शिक्का या वेळी लगेच मिळाला.

माझं काम आजही लहानच आहे. चार-सहा ट्रॅक्टरवाले आणि मिस्त्रींची गिऱ्हाईकं माल नेतात. काही आठवड्यांत तेलच मिळत नाही, तेव्हा शेड बंद असते. हायवेवर नवी पाटी लावून ते थिनरवालं पुन्हा विकलं जातं, हे मला माहीत आहे आणि मी ते लिहून देत असते, दर वेळी सहीनिशी. एकदा साहेबांच्या जागी आलेल्या दुसऱ्या साहेबांनी मला विचारलं की बाई, तुम्हाला याचा कंटाळा येत नाही का. मी म्हणाले, येतो. आणि तक्रारीचा पुढचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला.