सहा वारांची शाळा

उज्वला सकपाळ पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती भांडायला नव्हे, पण चेहरा तसाच होता. महाडच्या बाजारपेठेत माझा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर भंगारात गेले, त्यांच्या जागी मी चार कॉम्प्युटर मांडले आणि सायबर कॅफेची पाटी लावली. पाटी बदलली तरी मी राहिलो टायपिंगचा मास्तरच. ओळीत एक अक्षर सुटलेलं दिसलं की माझं डोकं फिरायचं. अशा माणसापुढे या बाईने वह्यांचा गठ्ठा ठेवला आणि विचारलं, "सुहासदादा तुम्हीच ना? मला ब्लॉग काढायचाय."

साल दोन हजार आठ. ब्लॉग हा शब्द तेव्हा महाडात माझ्याखेरीज दोघातिघांना ठाऊक असेल, आणि तेही माझ्याकडेच शिकलेले. उज्वलाने तो अलिबागच्या प्रशिक्षणात ऐकला होता. साहेब 'ब्लॉग' म्हणाले आणि निम्म्या गुरुजींनी 'ब्लॉक' लिहून घेतलं. ब्लॉक म्हणजे तालुका. म्हणजे तालुक्याला पाठवायची आणखी एक माहिती आली, असं समजून मंडळी जेवायला गेली. ही एकटी मागे थांबून साहेबांना विचारत बसली. आवाज कधी चढवायची नाही, पण समजल्याशिवाय उठायचीही नाही. असल्या माणसांचा मला राग येतो, कारण शेवटी त्यांचंच खरं होतं.

तिचे वडील महाड डेपोत कंडक्टर होते. ती डी.एड.ला असतानाच ते गेले. घरी आई. नोकरी लागली ती पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या बाजूला डोंगरावरच्या एका वाडीवर. पहिली ते चौथी मिळून सतरा पोरं, खोली एक आणि बाई एकटी. दुसऱ्या गुरुजींची जागा कागदावर होती. आठवडाभर ती वरच राहायची, साळूबाई नावाच्या एका विधवा म्हातारीच्या घरी. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पायी, मग जीपने, मग पोलादपूरहून एसटीने खाली यायची आणि घरी जायच्या आधी माझ्याकडे.

मी तिला स्पष्टच सांगितलं, "बाई, तुमच्या वाडीवर वीज टिकत नाही. ब्लॉग काढून वाचणार कोण?"

"पोरांचे बाप वाचतील," ती म्हणाली. "सगळे मुंबईला आहेत. पोरगं काय लिहितं ते त्यांना कधी दिसणार?"

मी तिला कोपऱ्यातला चांगल्या की-बोर्डचा कॉम्प्युटर दिला.

पॉडकास्टचं खूळ त्यानंतर दिवाळी झाल्यावर निघालं, आणि ते गरजेपोटी निघालं. तिसरी-चौथीला भागाकार शिकवायचा तर पहिली-दुसरी छपराकडे बघत बसायची. एका बाईने दोन तोंडं आणायची कुठून? तिने वाडीवरची तोंडं उसनी घेतली. हरिबा नावाच्या म्हाताऱ्याला मोबाइलपुढे बसवलं आणि बैलाचं वय दातांवरून कसं ओळखतात ते सांगायला लावलं. तुळसाकाकीकडून भाताची नावं घेतली. साळूबाईकडे आठवड्याचे वार आले. शनिवारी ती मोबाइल घेऊन यायची, मी त्यातला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून खरखर कमी करायचो, ब्लॉगवर चढवायचो आणि तोच साफ आवाज कार्डात भरून परत द्यायचो. सोमवारी पहिली-दुसरी भिंतीकडेला दोन छोट्या स्पीकरांभोवती बसून ऐकायची आणि बाई पाठ फिरवून मोठ्यांना भागाकार घालायची. याला पॉडकास्ट म्हणतात हे मी सांगितलं तेव्हा तिने तो शब्द तळहातावर लिहून घेतला. पोरं मात्र त्याला बाईंचा रेडिओ म्हणत.

साळूबाईचा आवाज गोड होता. ती म्हणत होती, "रविवारी मुंबयवाली माघारी जातात. मंगळवारी देवीचा उपास. बुधवारी दळान. गुरवारी पोथी. शुक्रवारी फुटाने. शनवारी मारुतीला त्याल, न् शाळा अर्धी." वीज जायची वेळ झाली होती, मी घाईघाईत ते चढवून टाकलं. अक्षर सुटलेलं लांबून ओळखणारा मी, आणि आख्खा वार सुटलेला मला कळला नाही.

तो कळला एका हितचिंतकाला. ब्लॉगखाली त्याने लिहिलं होतं, "या शाळेत आठवड्याचे सहाच वार शिकवतात काय?" खाली नाव नाही, नुसतं 'एक हितचिंतक'. हा लोकांचं हित चिंतायला बहुधा रिकामाच असतो.

ते केंद्रप्रमुखांनी वाचलं. ब्लॉगचा पत्ता त्यांना उज्वलानेच हौसेने दिला होता. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा. ते म्हणाले, "बाई, वीस जानेवारीला माझी शाळाभेट आहे. तोवर ते दुरुस्त करा. नाहीतर हे वाजवणं बंद, आणि पुस्तक हातात धरा." बंद म्हणजे सगळंच बंद. हरिबा, तुळसाकाकी, साळूबाई साऱ्यांना रजा, आणि पहिली-दुसरी पुन्हा छपराकडे.

त्या शनिवारी ती आली ती मात्र भांडायलाच. "दादा, तुमच्या कॉम्प्युटरने सोमवार खाल्ला."

मला झोंबलं. माझ्या यंत्रात विषाणू शिरत, धूळ शिरे, एकदा पालही सापडली होती, पण वार खायची सवय त्याला नव्हती. मी तिचा मोबाइल लावला. मूळ आवाजातही रविवारनंतर साळूबाई थांबत होती. लांब एक कोंबडा आरवला, तिने श्वास घेतला, आणि मंगळवार. मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हटलं, "तुमची म्हातारी विसरली. पुन्हा म्हणून घ्या."

ती वर गेली आणि पुन्हा म्हणून घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तिने विचारलं, "आजी, रविवारनंतर कोणता वार?" साळूबाईने पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे बघत राहिली. मग दुसरीतली पूनम, साळूबाईची नात, तिथे आवळ्याच्या फोडी खात बसली होती ती म्हणाली, "बाई, ती नाय बोलायची. आज्याचं नाव सोमा व्हतं."

हे उज्वलाने सांगितलं तेव्हा मी इतका हसलो की शेजारचा शिंपी डोकावला. आणि हसता हसता मला माझी आई आठवली. माझ्या वडिलांचं नाव चांगू. माझ्या आईने जन्मात कशाला 'चांगलं' म्हटलं नाही. भाजी बरी, पाऊस बरा, सून बरी. मी टायपिंगच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिला आलो तेव्हाही ती 'बरं झालं' एवढंच म्हणाली, आणि मी ते कित्येक वर्षं मनाला लावून घेतलं होतं. ज्याच्या घरात हे घडलं त्याने साळूबाईला विसरभोळी म्हणावं, याची मला लाज वाटली.

लाजेपोटी मी उत्साहाने कामाला लागलो. उज्वलाला मायक्रोफोनपुढे 'सोमवारी महादेवाला बेल' म्हणायला लावलं, ते कापून साळूबाईच्या श्वासाच्या जागी चिकटवलं. दहा मिनिटांचं काम. सात वार पुरे. मी म्हटलं, "जा, दाखवा केंद्रप्रमुख साहेबांना."

पुढच्या शनिवारी ती आली ती पडेल चेहऱ्याने. साळूबाईने ते ऐकलं होतं. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "गो बाय, माज्या बोलन्यात त्यांचं नाव घातलंस? मग मला काढ त्यातनं. मी अडानी बाय, मला कशाला शाळंत घेतलंस?" दोन दिवस ती उज्वलाशी नीट बोलली नव्हती. जेवायला मात्र रोजच्यासारखं वाढत होती, आणि ते जास्त लागत होतं.

"दादा, मी घातलेला सोमवार काढून टाका," उज्वला म्हणाली.

"आणि साहेब?"

"त्यांना खरं काय ते सांगेन."

"एका शब्दापायी सगळं घालवाल," मी चिडून बोललो. "म्हातारीलाच काढा ना. ती स्वतः म्हणतेय."

"चाळीस वर्षांवर झाली, त्या ते नाव घेत नाहीत. मी कोण घ्यायला लावणारी? आणि काढलं तर त्या पुन्हा शाळेच्या पायरीला येणार नाहीत."

मी तो सोमवार काढून दिला. रविवार, कोंबडा, श्वास, मंगळवार.

वीस तारखेला मी दुकान बंद ठेवून वाडीवर गेलो. स्पीकर बिघडले तर, म्हणून जोडी बरोबर घेतली होती, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला राहवत नव्हतं. थंडी चांगली होती आणि शाळेसमोर पोरांनी ओळीत चपला काढून ठेवल्या होत्या. साळूबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती, आमच्याकडे पाठ करून. जा म्हटलं असतं तर लगेच जायला बरं, अशी.

साहेबांनी हजेरी पाहिली, वह्या पाहिल्या. मग चष्मा काढून म्हणाले, "ते वारांचं दुरुस्त केलंत का?"

"नाही साहेब," उज्वला म्हणाली.

"लावा बघू."

एरवी हे वाजताना ती दुसऱ्या भिंतीला भागाकार शिकवत असायची. आज तिसरी-चौथीही हाताची घडी घालून गप्प होती. खोलीत साळूबाईचा आवाज आला. "रविवारी मुंबयवाली माघारी जातात." कोंबडा आरवला. श्वास घेतल्याचं ऐकू आलं. आणि पहिली-दुसरीची आठही पोरं एका सुरात म्हणाली, "सोमवार!"

"मंगळवारी देवीचा उपास," साळूबाई पुढे गेली.

उज्वला माझ्याकडे बघत राहिली. तिने हे शिकवलं नव्हतं. पोरांचा गलका कानावर पडायचा, पण ती भागाकारात असायची, ती काय म्हणतात ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. पोरांना शिकवायची गरजही नव्हती. त्यांच्या घरात कोणी आईला, आजीला बापाआज्याचं नाव विचारलं की ती गप्प होते आणि शेजारचं पोर ते सांगून टाकतं. रेडिओतली आजी अडली, ती पोरं पहिल्या दिवसापासून तिच्या वतीने सांगत होती.

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "जागा मुद्दाम सोडलीत?"

"नाही साहेब. ते त्यांच्या मालकांचं नाव आहे. त्या घेत नाहीत."

त्यांनी पडवीकडे पाहिलं. मग एकेका पोराला उभं करून वार म्हणायला लावले. आठही जणांनी सात म्हटले, एकाने उलटेही म्हणून दाखवले. साहेबांनी शेरेबुकात बराच वेळ काही लिहिलं आणि बुक बंद करून उज्वलाकडे दिलं. ती वाचेपर्यंत मला दम नव्हता, मी तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं. "श्राव्य पाठ पाहिला. सातही वार येतात. चालू ठेवावा."

जीपपर्यंत साहेबांना पोचवून आम्ही परत आलो तर साळूबाई पडवीतून उठून आत आली होती. पोरांच्या मागे, भिंतीजवळ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती.

"गो बाय," ती उज्वलाला म्हणाली, "परत लाव ना एकदा."

उज्वलाने लावलं. पोरं जोरात ओरडली, साहेब नसल्यामुळे जास्तच. साळूबाईने डोळे मिटले होते. संपल्यावर तिने ते पुसले, आणि कुणाला सांगावं तसं नव्हे, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाली:

"पोरगं बा म्हनायचा, नातवंडं आजा म्हनतात. नावानं हाक मारनारी म्हातारी माणसां सगली गेली. त्यांना जाऊन चार वरसां झाली. त्यांचं नाव आज हाक मारल्यावानी ऐकला."