शेंगदाणेवाल्याचा नातू

बल्लारपूरचा मुजफ्फर चाळीस वर्षं हातगाडीवर शेंगदाणे भाजतोय. निम्म्या गावाचं पोट आपल्यामुळे बिघडतं, असं तो अभिमानानं सांगतो. त्याच्या घरात मात्र शेंगदाण्याला बंदी होती. नात आयशा दोन वर्षांची असताना तिनं त्याच्या खिशातला दाणा खाल्ला. तोंड भोपळ्यासारखं सुजलं, श्वास अडकू लागला, दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून अंगणात आंघोळ केल्याशिवाय सून नाहीद त्याला पोरीला हात लावू देत नसे.

मग जिशान झाला. पाचव्या महिन्यात खाजेनं त्याचे गाल लालबुंद. सासरा-सून त्याला चंद्रपूरला घेऊन गेले. आयशाची हकीकत ऐकून डॉक्टर रीताबाई म्हणाल्या, "याला शेंगदाणा लवकर सुरू करू."

"म्याडम, एकीचं तोंड सुजलं, आता याचंबी सुजवता का?" मुजफ्फर म्हणाला.

"लहानपणीच सवय झाली तर ॲलर्जीचा धोका बराच कमी होतो, भाऊ. पण याला खाज आहे. आधी तपासणी, घरी प्रयोग नाही."

तपासणी ठीक निघाली. पहिला घास दवाखान्यातच द्यायचा ठरला. मुजफ्फरनं दाणे निवडले, भाजले, सोलले, गंधासारखे वाटून कोमट पाण्यात पातळ केले. गिऱ्हाइकांसाठी त्यानं जन्मात एवढी स्वच्छता पाळली नव्हती.

चमच्याच्या टोकावरचा थेंब जिशाननं चाटला, तोंड वाकडं केलं अन् शिंकला. मुजफ्फर ताडकन उठला.

"गेला माहा नातू."

"बसा," रीताबाई म्हणाल्या. "शिंकला तो."

थोड्या वेळानं उरलेलंही भरवलं. पुढच्या दोन तासांत जे काय झालं ते लंगोटातच झालं.

"आता आठवड्यातून तीनदा, न चुकता," रीताबाईंनी बजावलं. घरी आयशाची ताटवाटी वेगळी झाली, अन् मुजफ्फर गाडीवर फुकटचा डॉक्टर झाला. एकदा इसरू कोळ्यानं विचारलं, "माह्या सहा महिन्याच्या पोराले चार दाणे देऊ का?" मुजफ्फरनं त्याच्या हातातली पुडी हिसकावली.

"आख्खा दाणा घशात अडकते. वाटून, पातळ करून दे. अन् अंगावर खाज असन त आधी डाक्टर."

जिशान आता दोन वर्षांचा आहे. ॲलर्जी नाही, पण शेंगदाणा त्याला आवडत नाही. आजोबानं भरवलेलं तो थुंकतो अन् बिस्किट मागतो.

"चाळीस सालात माह्या मालावर कोनी थुंकलं नाई," मुजफ्फर कुरकुरला.

नाहीद वाटलेले दाणे जिशानच्या खिरीत कालवत होती.