गोधडीचा शेवटचा घास

कालव्याच्या पुलापर्यंत शाहीननं गाठोडं डाव्या खांद्यावर वाहिलं, पुलानंतर उजव्या. आतली गोधडी काही फार जड नव्हती, पण दुकानवाल्यांनी ती चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत घातली होती आणि पिशवी खांद्यावर ठरत नव्हती. बारामतीहून एसटीनं वालचंदनगरला सोडलं तेव्हा वडापची जीप उभी होती, पण दोन बायांसाठी जीपवाला हलायला तयार नव्हता.

"चल, चालूया," गोजरबाई म्हणाली होती. "घरी कोण ताट वाढून बसलंय?"

आता कळंबही मागं पडलं होतं आणि वस्तीचा कच्चा रस्ता लागला होता. दोन्ही बाजूंनी ऊस. गोजरबाई मघापासून गप्प होती आणि तिचं ते गप्प राहणं शाहीनला सोसवत नव्हतं. एरवी रोज दुपारी ही म्हातारी तिच्या फॉल-पिकोच्या दुकानात पायरीवर येऊन बसायची आणि तोंडाचा पट्टा चालू असायचा. निमित्त चिंध्यांचं. चिंध्या तर घरी पोतंभर साठल्या होत्या. तिला ऐकायची असायची मशीनची घरघर. नवरा, सावळारामआबा, गेल्यापासून तिच्या घरात कसला आवाजच उरला नव्हता.

"ती दुकानातली पोरगी काय म्हणली गं?" गोजरबाईनं एकाएकी विचारलं. "फिनिशिंग टच दिलाय. म्हंजी नेमकं काय?"

"म्हंजी काम सगळं झालेलं असतं मावशी. मग अखेरचा हात फिरवायचा. गवंडी गिलाव्यावर शेवटी स्पंज फिरवतो बघा, तसं. पार्लरवाली नवरीच्या कपाळावर बट सोडते आन् म्हणते, थांबा, फिनिशिंग टच राहिलाय. आमची पोरगी समिना तर पोह्यावर कोथिंबीर टाकली तरी हेच म्हणती."

"आन् पोहं कोण करतं?"

"मीच की!"

गोजरबाई हसली. चार पावलं चालून म्हणाली, "आन् न्हाय दिला टच, तर?"

"तर काय? काम झालेलंच असतं. उठून दिसत न्हाय, इतकंच."

"दिसण्यापुरतं हाय म्हण."

शाहीनला कळलं, म्हातारी कशाचा विचार करतेय ते. गोजरबाईच्या माहेरची, सुप्याकडची रीत होती. गोधडी शिवून झाली की चारी कोपऱ्यांना रंगीत कापडाचा तिकोनी तुकडा लावायचा आणि त्याच्या आत वाळल्या भाकरीचा नखाएवढा कपटा ठेवायचा. त्याला घास म्हणायचं. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं तिची आई सांगायची. आणि घास शिवणारीनं स्वतः ठेवायचा नाही. घरच्या माणसानं ठेवायचा, मग तिनं वरून टाके घालायचे. मुंग्या लागत नाहीत का, असं शाहीननं एकदा विचारलं, तर गोजरबाई म्हणाली होती, "लागू दे की. मुंगीला पोट न्हाय व्हय?"

इतकी वर्षं घास ठेवायचे ते आबा. घास ठेवताना गोधडीला म्हणायचे, "खा बाई, आमच्या घरात लाजायचं न्हाय." या गोधडीचे तीन कोपरे त्यांनीच भरले होते. चौथा पुण्याहून मुलगा ऋषिराज दिवाळीला आला की त्याच्या हातानं भरायचा, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. दिवाळीआधीच आबा गेले. ऋषिराज आला तो बापाला खांदा द्यायला. त्या दिवसांत गोधडीचं नाव कोण काढणार?

संक्रांतीला सून आली, वृषाली. ट्रंकेत तिला ती गोधडी दिसली, एक कोपरा उघडा. "आई, तुमच्याच्यानं आता होत नाही, मी पूर्ण करून आणते," म्हणाली आणि बारामतीच्या चांगल्या दुकानात टाकली. इतक्या मायेनं केलेल्या कामाला नको कसं म्हणायचं? गोजरबाई म्हणाली नाही. आज गोधडी तयार झाल्याचा फोन आला, म्हणून दोघी आणायला गेल्या होत्या.

लिंबाच्या सावलीत गोजरबाई टेकली. "दे इकडं."

तिनं चेन ओढली. गोधडीला चौफेर निळी सॅटिनची पट्टी लावली होती, कोपरे मशीनवर पक्के. दिसत होती मात्र नव्या नवरीसारखी. गोजरबाईची बोटं एकेका कोपऱ्यावर फिरली. पहिला. दुसरा. तिसऱ्यावर थांबली, दाबून पाहिलं, परत पहिल्यावर आली.

"शाहीन, हितं काय लागंना गं."

बारामतीत गोजरबाई दुकानाबाहेरच्या बाकावर चपलेचा अंगठा सरळ करत होती, तेव्हा आत ती पोरगी शाहीनला सांगत होती: कोपऱ्यांत भाकरीचे तुकडे निघाले, उंदीर लागतील म्हणून सगळं उसवून साफ केलंय. तो कचरा नव्हता, घास होता, हे शाहीनच्या जिभेवर आलं होतं, पण सांगून उपयोग काय? टाकलेलं परत थोडंच मिळणार होतं. एवढी वाट ती मनात म्हणत आली, या अल्लाह, घरी जाईपर्यंत हिचा हात तिथं जाऊ देऊ नको.

"काढलं व्हय त्यांनी?"

"व्हय मावशी. कचरा समजून."

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर गेला. धुरळा खाली बसेपर्यंत दोघी डोळे मिटून राहिल्या. गोजरबाईनं पदरानं आधी गोधडी पुसली, मग तोंड.

"आबांच्या हातचं व्हतं ते," ती म्हणाली. निळी पट्टी बोटानं सपाट करत म्हणाली, "वृषालीला बोलू नगंस. जीव लावून केलंय पोरीनं."

"ऋषिराजला बोलवा. चारी घास तो ठेवंल."

"येतो म्हणंल गं. नगं म्हणणारा न्हाय त्यो. पर त्याच्या येतो-येतोवर किती दिस उसवून ठिवू? आन् थंडी काय त्याला इचारून येती?"

शाहीन गोधडीची घडी घालू लागली, तर गोजरबाईनं तिचं मनगट धरलं. हात गार होता.

"तुझ्याकडं टाके उसवायची ती बारीक कातर हाय न्हवं?"

"हाय."

"उद्या दुपारी चारी कोपरं उसव. टाके मी घालती, वाकडं का हुईनात. पर घास तू ठिव. तुझ्या घरच्या भाकरीचा."

"मी? मावशी, घरच्या माणसानं ठेवायचा असतो ना?"

"मग मी दुसरं काय म्हणती?" गोजरबाईनं मनगट सोडलं नाही. "आन् जेवायच्या आधी तू ते बिस्मिल्ला पुटपुटतीस न्हवं? तेवढं म्हणून ठिव, माजे बाई."