राखेची रेघ

बी. ए. झाल्यावर मी भुसावळला मिशनच्या शाळेत शिक्षक झालो. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. ते शिक्षण मिशनच्या वसतिगृहातल्या जेवणावर झालं होतं. सुट्टीत घरी गेलो की आई आधी अंगावर पाणी घ्यायला लावी आणि मग पोटाशी धरी.

शाळेच्या मागे मिशनचं एक घर होतं. स्टेशनावर, मालधक्क्यावर रात्र काढणारी माणसं दिवसा तिथे येत. आंघोळ, औषधपाणी, दुपारचं जेवण आणि सावलीत पडायला जागा एवढं मिळे. दिवेलागणीला दार बंद होई. घर एक ख्रिस्ती विधवा बाई चालवत. सगळे त्यांना अक्का म्हणत. दुपारी वाढायला मी जात असे.

एका पावसाळ्यानंतर धरणगावकडचे एक आबा येऊ लागले. बायको वारली, पुतण्याशी पटेना, म्हणून रागाने घर सोडलेलं. परत जायचं त्यांच्या मनात होतं. पण मिशनचं अन्न खाल्लं तर माणूस बाटतो, मग भाऊबंद दारात उभं करणार नाहीत, ही त्यांना धास्ती. म्हणून ते पंगतीला बसत नसत. कोरडा शिधा द्यायचा नाही असा घराचा नियम होता, कारण तो बाजारात विकला जाई. अक्कांनी तो त्यांच्यापुरता मोडला. ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, डाळ, मिरच्या दिल्या आणि अंगणातल्या लिंबाखाली चुलीसाठी तीन दगड मांडू दिले. आबांनी चुलीभोवती राखेची रेघ ओढली.

पंगतीतला एक लंगडा हमाल रोज म्हणे, "आबा, रेघेवरून मुंगी गेली पाहा. भाकरी बाटली, आता टाकून द्या." आबा हसत, पण रेघ पुन्हा ओढत.

दिवाळीनंतर पुतण्या न्यायला आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, घरात वडीलधारं माणूस हवं होतं. आबा जेवतात कुठे, हे त्याने आधी अक्कांना विचारलं. त्यांनी चूल दाखवली. त्याचा चेहरा सैल झाला. तरी त्याने आबांना विचारलंच, "यासना हातनं काही खादं नही ना?"

आबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाले, "खादं नही. पन पानी आठलाच हिरनं पिनू. खोटं काब्र सांगू?"

मिशनच्या विहिरीचं पाणी प्यायल्याचं बोलले नसते तर त्याच गाडीने घरी गेले असते. पुतण्याने मान खाली घातली. भाऊबंदांना विचारून येतो म्हणाला आणि एकटाच गेला.

आबा वाट पाहत राहिले. चूल वेगळीच पेटे, रेघही ओढली जाई. लग्नसराई सुरू झाली, सरली. पुतण्या आला नाही.

मग एका दुपारी पंगत बसली होती. अक्कांची प्रार्थना चालू असताना आबा आले आणि हमालाच्या शेजारी बसले. प्रार्थनेला हात जोडले नाहीत, टोपीही काढली नाही. मी भाकरी घेऊन पुढे आलो, पण वाढायला हात होईना. आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"माले बी वाढ, अक्का," ते म्हणाले.

अक्कांनी माझ्या हातातली भाकरी घेतली आणि वाढली. हमालाने मिठाची वाटी आबांकडे सरकवली.

लिंबाखालच्या तीन दगडांवर पुढे थंडीत सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापू लागलं. जाळ घालायला आबाच बसत.