बत्तीस जोडांवरचा नंबर

"ही कोण?" तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"झाडायला येते," निखिल म्हणाला.

माझ्या हातात झाडू होता. दहा मिनिटांपूर्वी शेठनी स्वतः कोपऱ्यातून आणून दिला होता. "साहेब जाईपर्यंत जरा इकडंतिकडं मारत राहा," म्हणाले. मी मारत राहिले. साहेबांच्या हातात स्टीलच्या पातळ पाइपचा तुकडा होता, मधोमध जोड दिलेला. त्यांनी तो उजेडाला धरला, आतून बघितला, जोडावरून अंगठा फिरवला. मग निखिलच्या पाठीवर थाप मारली. "हात चांगला आहे तुझा," म्हणाले. निखिल लाजल्यासारखा हसला. कागदावर सही झाली. निखिल शेठचा पुतण्या. त्या दिवसापासून तो परीक्षा पास झालेला वेल्डर झाला आणि त्याला सात नंबर मिळाला.

तो जोड मी केला होता. सकाळी, साहेब यायच्या दोन तास आधी. निखिलचा हात पातळ पाइपवर टिकत नाही, भोक पडतं. सगळ्या गाळ्याला हे माहीत होतं, साहेबांना सोडून. किंवा त्यांनाही असेल, कुणास ठाऊक.

साहेबांची गाडी गेली तसा निखिल माझ्याकडं आला. "वाईट वाटून घेऊ नको," म्हणाला. "झाडू तुमच्या लोकांच्या हातात शोभतो."

माझे वडील महापालिकेत झाडू मारायचे. तीस वर्षं पंचवटीच्या गल्ल्या झाडल्या त्यांनी, भाजीबाजारासकट. मला आयटीआयला घालायला आले तेव्हा मास्तरांनी विचारलं, पोरीला वेल्डिंग कशाला? वडील म्हणाले, "तिच्या हातात दुसरं काहीतरी असू द्या." हे निखिलला ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत मीच कधीतरी सांगितलेलं, अभिमानानं. आणि त्याच्या त्या वाक्यावर मी काय बोलले? काही नाही. झाडू भिंतीला टेकवला, मशीनवर जाऊन बसले, दुपारपर्यंत आणखी सहा जोड काढले. आज आठवलं की डोक्यात तिडीक जाते. त्याचा राग येतोच, पण माझा जास्त येतो.

गाळा अंबडच्या एमआयडीसीत. काम स्टीलच्या पाइपलाइनींचं. दिंडोरीकडच्या वाइनऱ्या, दुधाच्या डेअऱ्या, औषधाचे कारखाने. मी तिथं लागले ती वेल्डर म्हणूनच, कागदावर. प्रत्यक्षात पहिले सहा महिने पाइप पुसले. वेल्डिंगच्या टॉर्चला हात लावला की कुणीतरी म्हणायचं, "ए, ठेव ते."

रफिकचाचांनी लावू दिला. मालेगावचे, साठीला आलेले, गाळ्यातले सगळ्यात जुने वेल्डर. बोलणं कमी, शिव्या जास्त, पण मला कधी दिली नाही. जेवणाची सुट्टी झाली की ते मला भंगारातले तुकडे द्यायचे आणि शेजारी बिडी ओढत बसायचे.

टिग वेल्डिंगला आमच्याकडं आर्गन वेल्डिंग म्हणतात. टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची सुई असते. सुई आणि पाइप यांच्यात तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकं अंतर. तेवढ्या अंतरात जाळ धरायचा आणि पाइपभोवती फिरवत न्यायचा. सुई टेकली, जोड नासला. थांबलात, भोक पडलं. जोरात श्वास सोडलात तरी हात हलतो. जाड पत्रा चूक पोटात घालतो, पातळ पाइप घालत नाही. मी किती तुकडे जाळले त्याला मोजदाद नाही. मनगटावर अजून डाग आहेत.

मग एक दिवस जोड साधला. चंदेरी, एकसारखा. मी खूश. चाचांनी तो उचलला, करवतीनं उभा चिरला आणि आतली बाजू माझ्यासमोर धरली. आत काळं. खडबडीत, दुधाच्या पातेल्याला करपून लागलेल्या खरपुडीसारखं. मी आत गॅस सोडला नव्हता. तापलेल्या स्टीलला हवा लागू द्यायची नसते. बाहेरून टॉर्चचा गॅस सांभाळतो, आतून सांभाळायला पाइपची दोन्ही टोकं बुजवून आत आर्गन सोडायचा, सगळी हवा बाहेर जाईपर्यंत थांबायचं, मगच जाळ धरायचा. त्या काळ्या खरपुडीत जंतू घर करतात आणि कितीही धुतलं तरी निघत नाहीत.

"बाहर का तो कोई भी चमका देगा, बेटी," चाचा म्हणाले. "पानी अंदर से जाता है."

वर्षभरानं चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ते मालेगावला परत गेले आणि पातळ पाइपचं सगळं काम माझ्यावर आलं. काम आलं, नंबर नाही. आमच्या धंद्यात प्रत्येक जोडाशेजारी कोरायच्या पेननं वेल्डरचा नंबर टाकतात. उद्या काही झालं तर कुणाला धरायचं ते त्यावरून कळतं. मी जोड करायचे आणि निखिल मागून पेन घेऊन यायचा. सात. सात. सात. तीन वर्षं. "तुझं पुढच्या वेळी करू," असं शेठ दर खेपेला म्हणायचे, उपकार केल्यासारखं. मी मान हलवायचे.

यंदा उन्हाळ्यात सलाईन बनवणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. पाण्याची लाइन. जे पाणी बाटलीत भरून माणसाच्या शिरेत सोडतात, त्या पाण्याची. मी अठरा जोड केले, आतून गॅस सोडून, एकेकाला लागेल तेवढा वेळ देऊन. त्यानंतर गॅसची गाडीच आली नाही. एकच सिलिंडर उरला.

"आतला बंद कर," शेठ म्हणाले. "बाहेरच्याला पुरेल."

"शेठ, सलाईनची लाइन आहे ही."

"मला माहीत आहे कशाची आहे. कंपनीवाले कॅमेरा घालतात तो पहिल्या दोन-चार जोडांत. ते तुझे झालेत, चांगले झालेत."

"माझ्याच्यानं नाही होणार."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. हसले. "थकलीस तू," म्हणाले. "दोन दिवस घरी बस."

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हाच काहीतरी चुकलेलं होतं. रोज गाणी वाजतात ती बंद होती. बफिंगवर काम करणाऱ्या सुमनताई, ज्या मी दिसले की आधी डबा विचारतात, त्यांनी मान वर केली नाही. एक परका वेल्डर दाराशी उभं राहून आपली पिशवी बांधत होता. माझ्याकडं न बघताच निघून गेला. मधल्या घोडीवर सगळी लाइन तयार पडलेली, बफ मारून लखलखीत, टोकांना प्लास्टिकच्या टोप्या. बत्तीस नवे जोड. दोन दिवसांत. एवढा गॅस कुठून आला ते मी स्वतःलाच विचारलं नाही.

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. "बस गं, उभी का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्ची. काचेच्या कपात चहा. टेबलावर नवा कोरायचा पेन आणि एक कागद, वर माझं नाव, पूर्ण, आडनावासकट. परीक्षा पास, नंबर अकरा.

"आजपासून तुझा नंबर," शेठ म्हणाले. "पात्र आहेस म्हणून देतोय."

मी खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला. इतका झाला की हातातला चहा हिंदकळला. मी परीक्षा दिलीच नव्हती, कागद बसल्या जागी झाला होता, हे दिसत असून मला आनंद झाला. वडिलांना फोटो पाठवावा असं मनात आलं. इतके दिवस अपमान गिळला की माणूस असा भुकेला होतो, समोर येईल ते ताट ओढतो.

"जा, त्या बत्तीस जोडांवर अकरा टाक," शेठ म्हणाले. "रजिस्टरमध्येही भर. संध्याकाळी गाडी लागेल."

रजिस्टर उघडं होतं. अठरा जोडांसमोर सात. पुढच्या बत्तीसांसमोर वेल्डरचा रकाना कोरा.

चांगले अठरा निखिलचे. त्या परक्यानं दोन दिवसांत उरकलेले बत्तीस माझे.

मी पेन घेऊन बाहेर आले. पहिल्या नव्या जोडाशी वाकले, टोपी काढली, मोबाइलचा टॉर्च आत धरला. काळं. पुढचा पाइप. काळं. तिसऱ्यात तर खरपुडी सुटून खाली पडलेली दिसली. बाहेरून आरशासारखं स्टील, त्यात माझाच चेहरा. निखिल चार हातांवर स्टुलावर मोबाइल बघत बसला होता, माझ्यावर लक्ष ठेवायला. "आटप," म्हणाला.

मी पेन सुरू केला. त्याचा आवाज डास कानाशी घोंगावतो तसा. पहिल्या जोडाशेजारी मी कोरलं: आत काळं. जोर देऊन, खोल. दुसऱ्यावर: आत काळं. ज्या हातानं जाळ धरायला शिकले तोच हात. निखिलला वाटत होतं मी अकरा टाकतेय. मला फक्त एवढंच कळत होतं की तो कधीही उठेल. सुमनताईंनी एकदा वळून पाहिलं, वाचलं, आणि बफिंग मशीनचा आवाज वाढवला.

एकोणिसाव्या जोडाला निखिल उठला. वाकून वाचलं. मागचा वाचला. तसाच केबिनकडं पळाला.

शेठ बाहेर आले. कुणीतरी शटर अर्ध्यावर ओढलं. भरदिवसा गाळ्यात अंधार झाला. शेठ अजूनही ओरडले नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"किती झाले?"

"एकोणीस," मी म्हणाले. "नंबर मी टाकणार नाही. जोड ज्यानं केले त्याचा टाका, ज्यानं करायला लावले त्याचा टाका."

"निखिल, पेन घे तिच्याकडून." मग माझ्याजवळ येऊन, अगदी हळू, "कंपनीचा माल खराब केलास. मी चोरीचीही तक्रार देऊ शकतो. तुमच्या वस्तीत पोलीस यायला वेळ लागत नाही, आणि आले की कुणी विचारत नाही का आले."

मी पेन टेबलावर ठेवला. कागद ठेवला, माझ्या नावाचा. शटरखालून वाकून बाहेर पडले. खूप हलकं वाटलं वगैरे काही नाही. बसस्टॉपवर बसले तेव्हा दातावर दात वाजत होते, मे महिन्यात.

त्यानंतर सातपूरला दोन ठिकाणी विचारलं, अंबडला तीन. सगळीकडं आधी 'या', मग नाव विचारलं की 'जागा भरली'. घरासमोर दोनदा एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली, कुणी उतरलं नाही. आई दिवसाही दार लावून घेते. परवा सुमनताईंचा फोन आला. त्या दिंडोरीच्या, रडत बोलत होत्या. "समदं घासून काढलं गं. माझ्याच हातानं काढाया लावलं. लय खोल होतं, पर निघालं. सात टाकून गाडी गेली." मी त्यांना दोष दिला नाही. त्यांना घर चालवायचं आहे.

म्हणजे आता ते पाइप बसवत असतील. टोप्या काढून, एकाला एक जोडून. मग पाणी सुटेल. पहिल्या दिवशी काही होणार नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. खरपुडीत काय वाढतं ते सावकाश वाढतं. मग कुठल्यातरी दवाखान्यात कुणीतरी आपल्या माणसाचा हात धरून बसलेलं असेल, बाटलीतले थेंब बघत, आणि त्याला बरं वाटायच्या ऐवजी थंडी भरून येईल. कुणालाच कळणार नाही कशानं. मला कळेल. नंबर नाही टाकला म्हणून मी सुटले असं मला वाटत नाही.

मी अर्ज लिहिला आहे, त्या सलाईनच्या कंपनीला, नाव आणि पत्त्यासकट. बत्तीस जोड आतून काळे आहेत हे लिहिलं. त्याखाली दुसरंही लिहिलं: तीन वर्षं सात नंबरानं गेलेला प्रत्येक पातळ जोड माझा, परीक्षेचा तुकडासुद्धा माझा, आणि हे खोटं आहे हे माहीत असून मी गप्प बसले. वडिलांनी अर्ज दोनदा वाचला. "हे खालचं खोडून टाक," म्हणाले. "तूच अडकशील."

खोडलं नाही. वरचं खरं मानायला लावायचं तर खालचं सांगावं लागेल.

सोमवारी मी त्यांच्या गेटवर जाणार आहे. आत सोडणार नाहीत, तर बाहेर उभी राहीन. ते म्हणतील, खोट्या नंबराखाली तीन वर्षं काम केलंस, तुझं कशाला ऐकायचं? मी म्हणणार, ऐकू नका. आधी माझ्या अठरांतला एक जोड कापा, तुम्ही निवडाल तो. मग बत्तिसांतला एक कापा. दोन्ही उभे चिरून शेजारी ठेवा. ते कापेपर्यंत मी तिथून हलणार नाही.