चाचांनी न घासलेली जागा

नेरूळमध्ये तेव्हा इमारतींपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. आमच्या सोसायटीसमोर, एसटीडी बूथच्या शेजारी, चाचांचं फर्निचर दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचे ते उरणकडचे. खुर्ची असो की कलिंगड, हातात आलं की आधी टकटक करून ऐकायचे, मग बघायचे. घाई केली की म्हणायचे, "थांबा ताई, ऐकू द्या."

दादा जाऊन वर्ष झालं, तेव्हा मी त्याची गिटार त्यांच्याकडे नेली. तारा धरणारी पट्टी उचकटली होती आणि आतलं लेबल गळून गेलं होतं. चाचांनी टकटक केली, आत टॉर्च मारला.

"कलकत्त्याची वाटते. वर प्लायवूड हाय. स्वस्तातली, पन जीव हाय."

"नव्यासारखी चकचकीत करा, चाचा. आईला बरं वाटेल."

आठ दिवसांनी गेले. पट्टी पक्की बसली होती, तारा नव्या होत्या, पॉलिश चमकत होतं. फक्त गोल छिद्राखाली तळहाताएवढी जागा तशीच फिकट होती.

"इथं राहिलं की!" मी जरा चिडूनच म्हणाले.

"राहिलं नाय, ठेवलं. वाजवनाऱ्याच्या हातानं झिजलंय ते. मी कागद घेतला होता घासायला." त्यांनी गिटार माझ्या हातात दिली. "पॉलिश काय, कदीबी मारता येतं. हे परत कोन करनार?"

घरी आईने गिटार मांडीवर घेतली. चमक तिने पाहिलीच नाही. त्या फिकट जागेवर तळवा ठेवला आणि वर्षभरात पहिल्यांदाच दादाचं नाव घेऊन बोलू लागली.